हाडांची काडं, रक्ताचं पाणी

धडधाकट माणसाच्या अंगातल्या सगळ्या तांबड्या पेशी बाहेर काढल्या, प्रत्येकीचं आवरण उलगडून सपाट केलं आणि ती आवरणं एकमेकांना लागून अंथरली, तर साधारण ३४ गुंठे जमीन झाकली जाईल. एकराला सहा गुंठे कमी. एका पेशीचं आवरण भरतं जेमतेम १३६ चौरस मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्याशा तुकड्यांनी शेत झाकायचं तर तुकडे किती लागतील? २५ लाख कोटी.

लाख कोटी ही संख्या आपल्या कानावर पडते ती अर्थसंकल्पाच्या दिवशी. केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अंदाजित खर्च ५० लाख ६५ हजार कोटी रुपये होता. एका पेशीला एक रुपया धरला तर तुमच्या-माझ्या अंगात देशाचं अर्धं बजेट फिरतं आहे. शरीरातल्या सगळ्या पेशींची शिरगणती केली तर पाचातल्या चार पेशी तांबड्याच निघतात. मेंदू, यकृत, स्नायू, कातडी सगळं उरलेल्या एका हिश्शात.

थक्क व्हायला साठा पुरे आहे, पण खरी कमाल उत्पादनाची. तांबडी पेशी जगते सुमारे १२० दिवस. रक्त मिनिटाला एक फेरी मारतं असं धरलं तर तेवढ्या काळात ती १ लाख ७२ हजार फेऱ्या करते आणि झिजून मोडीत निघते. म्हणजे रोज २० हजार कोटींहून अधिक पेशी मरतात आणि तितक्याच नव्या घडवाव्या लागतात. सेकंदाला २४ लाखांच्या आसपास. दर दहा मिनिटांना भारताच्या लोकसंख्येइतक्या. प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू भरावे लागतात, दिवसाकाठी सहा ग्रॅम हिमोग्लोबिन. दिवसभरात घडलेल्या पेशींचं वजन २० ग्रॅम भरतं. सत्तर वर्षांच्या आयुष्यात माणूस पाच क्विंटल तांबड्या पेशी पिकवतो. यात पांढऱ्या पेशी धरलेल्या नाहीत, प्लेटलेट्स धरलेल्या नाहीत. त्याही रोज हजारो कोटींनी तयार होतात.

हे सगळं घडतं हाडांच्या पोटात. मटणाच्या ताटात नळी आली की जी आपण ठोकून, चोखून खातो, तीच मज्जा. मोठ्या माणसाच्या अंगात ती तीन-साडेतीन किलो असते, पण त्यातली बरीचशी पिवळी, म्हणजे चरबीने भरलेली. रक्त पिकवणारी लाल मज्जा जेमतेम सव्वा किलो. या सव्वा किलोच्या मुळाशी असलेल्या मूळपेशी तर आणखी थोड्या. २०१८ मध्ये जनुकांतल्या बदलांचा माग काढून शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला की प्रौढ माणसाचं रक्त ५० हजार ते २ लाख मूळपेशींच्या जोरावर चालतं. एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी वस्ती, आणि तिची रोजची पैदास हजारो कोटींची.

रक्त हाडात तयार होतं हे माणसाला कळून अवघी दीडशे वर्षं झाली. १८६८ साली क्योनिग्सबर्गच्या अर्न्स्ट नॉयमान याने माणसाची आणि सशाची हाडं दाबून त्यातला रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि रक्ताचा उगम इथे आहे असं जाहीर केलं. त्याच वर्षी इटलीत ज्यूलिओ बिझ्झोझेरो स्वतंत्रपणे तिथेच पोचला. अनेक समकालीनांना ते पटलं नाही. आपल्या आयुर्वेदाच्या सप्तधातूंत रक्त दुसरं, अस्थी पाचव्या आणि मज्जा सहावी. रक्तापासून पुढच्या पायऱ्या चढत हाड घडतं असा तो क्रम. नॉयमानने गंगा उलटी वाहते असं सांगितलं. माझ्या मते दोघांच्याही हाती अर्धं अर्धं सत्य लागलं होतं, आणि त्याचं कारण पुढे येईलच.

जन्मतः जवळपास सगळी हाडं रक्त पिकवतात. वय वाढतं तशी हातापायांतली मज्जा पिवळी पडत जाते आणि विशीनंतर रक्ताचा भार मणके, कंबर, बरगड्या, छातीचं हाड, कवटी आणि मांडीच्या-दंडाच्या हाडांची वरची टोकं यांवर येतो. आता म्हातारपणी माणसाची कोणती हाडं मोडतात ते आठवा. मणका दबतो आणि खुबा मोडतो. रक्ताचे मळे जिथे आहेत, नेमकी तिथलीच हाडं. कारण साधं आहे: लाल मज्जा ज्या हाडांत राहते ती आतून जाळीदार असतात, आणि जाळीदार हाडाचा पृष्ठभाग मोठा असल्याने त्याची झीज लवकर होते. मनगटही मोडतं आणि तिथे मज्जा पिवळी असते, त्यामुळे हा नियम नव्हे. पण हा मेळ नजरेआड करण्यासारखाही नाही.

आता हाडाकडे वळू, कारण हाड म्हणजे मेलेला चुना अशी आपली समजूत असते. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी हाडातल्या जिवंत पेशींचा हिशेब मांडला. प्रौढ सांगाड्यात सुमारे ४,२०० कोटी ऑस्टिओसाइट पेशी चिरेबंदी घरांत कोंडलेल्या असतात, आणि प्रत्येक पेशी बारीक तंतू पसरून शेजारणींना धरून असते. अशा जोडण्या २३ लाख कोटी. सगळे तंतू एकापुढे एक जोडले तर लांबी १ लाख ७५ हजार किलोमीटर. गंमत अशी, की २५ लाख कोटी तांबड्या पेशी एका ओळीत मांडल्या तर रांग होते सुमारे १ लाख ८५ हजार किलोमीटरची. दोन्ही टोकाला टोक जोडली तर चंद्र थोडक्यात हुकतो. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही; पण वहीत टिपून ठेवावा असा आहे.

हाड सतत खणलं आणि बुजवलं जातं. कुठल्याही क्षणी सांगाड्यात दहा ते वीस लाख ठिकाणी हे काम चालू असतं. एका जागी खणायला साधारण तीन आठवडे लागतात, बुजवायला तीन-चार महिने. वर्षाला सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा असा बदलतो. अंगातलं कॅल्शियम किलोभर, त्यातलं ९९ टक्के हाडांत. म्हणजे वर्षाला शंभरेक ग्रॅम कॅल्शियम हाडातून निघतं आणि हाडात परत जातं. आणि रक्तात? तीन लिटर द्रवात मिळून ३०० मिलिग्रॅम. हाडात जेवढं आहे त्याच्या तीन हजाराव्या भागाहून थोडं कमी. पण या चिमूटभर कॅल्शियमवर हृदयाचे दिवसाचे एक लाख ठोके अवलंबून असतात. ते जरा घसरलं तर गळ्यातल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी तातडीने हाडातून उचल करायला लावतात. रक्ताचा रिपोर्ट 'कॅल्शियम नॉर्मल' म्हणतो तेव्हा त्याची किंमत हाड चुकवत असू शकतं, हे लक्षात ठेवण्याजोगं.

खणणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. त्या मुळात कोण? हाडाच्या लेकी की बाहेरून आलेल्या? या प्रश्नाचं उत्तर एका पाच महिन्यांच्या मुलीने दिलं.

ती अमेरिकेत ऑस्टिओपेट्रोसिस हा दुर्मिळ आजार घेऊन जन्मली होती. यात हाड खणणाऱ्या पेशी असतात, पण काम करत नाहीत. हाड भरतच जातं, पोकळी बुजते, मज्जेला जागाच उरत नाही. त्यामुळे लेकरू फिकट पडतं, प्लेटलेट्स घसरतात, जंतुसंसर्ग होत राहतात. आणि इतकं घट्ट, भरलेलं हाड असूनही ते खडूसारखं मोडतं. डॉक्टरांनी तिला तिच्या भावाची मज्जा दिली. बारा आठवड्यांत रक्त सुधारलं. मग हाडाचा तुकडा काढून तपासला तेव्हा दिसलं की आता नेटाने हाड खणणाऱ्या पेशींत पुरुषाचं वाय गुणसूत्र आहे. त्या भावाच्या होत्या, रक्ताच्या मूळपेशींतून आलेल्या. हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशी मात्र तिच्या स्वतःच्याच राहिल्या. १९८० साली हे प्रसिद्ध झालं. त्याआधी १९७० च्या दशकात उंदरांवरच्या प्रयोगांनी तशी दिशा दाखवली होती, पण माणसात प्रथमच इतकं लख्ख दिसलं.

याचा अर्थ असा, की हाडाला आकार देणारी पहार रक्ताच्या घराण्यातून येते. जीवाणू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि हाड पोखरणाऱ्या या पेशी एकाच वंशाच्या. म्हणूनच संधिवातासारख्या आजारात रक्तातल्या सैनिक पेशी भडकल्या की हाड झिजतं. म्हणूनच मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग पुष्कळदा पाठदुखीच्या किंवा मोडलेल्या मणक्याच्या रूपाने दार ठोठावतो. साठीतला गृहस्थ कंबरेला पट्टा बांधून महिनोन्महिने फिरतो, त्याचं हिमोग्लोबिन मात्र गुपचूप उतरत असतं.

आता उलटी बाजू. हाड नुसती भिंत पुरवतं का? २००३ साली 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी उंदरांत दाखवलं की हाड बांधणाऱ्या पेशी वाढवल्या की त्यांच्या आसऱ्याने राहणाऱ्या रक्ताच्या मूळपेशीही वाढतात. हाड बांधणारी पेशी आणि मज्जेतली चरबीची पेशी तर सख्ख्या बहिणी, एकाच पूर्वजपेशीच्या. वय वाढतं तसा कौल चरबीकडे झुकतो: हाड कमी, रक्ताचा मळा कमी, पिवळं जास्त. एकाच वळणावर दोन्ही गोष्टी एकदम सुटतात.

हे नातं उघड्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर लांब जायला नको. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार, मेळघाट, जिथे जिथे सिकलसेल आहे तिथल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात जा. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक घटक बदललेला असतो, बस. तेवढ्याने पेशी विळ्यासारखी वाकते आणि १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांत मोडते. म्हणजे तोच साठा राखायचा तर मज्जेने सहा ते बारा पट काम करायला हवं. मज्जा तसा जीव तोडून प्रयत्न करते, पसरते, पिवळी झालेली जागा पुन्हा लाल करते, आतून हाडाची जाळी विरळ करते आणि वरची साल पातळ करते. तरी हिशेब जुळत नाही. हिमोग्लोबिन सात-आठवर अडकतं. शिवाय वाकलेल्या पेशी बारीक नळ्यांत अडकून हाडाचा रक्तपुरवठा तोडतात. क्ष-किरणात मणके वरून-खालून खचलेले दिसतात. मांडीच्या हाडाचा गोळा मरतो आणि ऐन तिशीत, शेतात कष्ट करायच्या वयात, माणूस लंगडायला लागतो. 'सिकलसेलवाल्याला हाडं दुखायचीच' असं म्हणून हे सोडून देण्याची पद्धत आहे, ती मला क्रूर वाटते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरवलं. ती करताना खुब्याचं दुखणंही विचारलं जावं.

हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या जन्मजात आजाराची, थॅलेसेमियाची, आकडेवारी आणखी विचित्र. भारतात दरवर्षी दहा हजारांवर मुलं थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात. रक्त न दिल्यास त्यांची मज्जा इतकी फुगते की कवटी जाड होते, गालाची हाडं पुढे येतात, चेहराच बदलतो. रक्त दिलं तर मज्जा शांत होते, पण नवं संकट उभं राहतं. रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. धडधाकट माणूस अन्नातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषतो आणि तेवढंच गमावतो. जास्तीचं बाहेर टाकायची शरीराला सोयच नाही. वर्षाला २५ पिशव्या चढल्या तर पाच-सहा ग्रॅम लोह आत जातं, आणि उभ्या माणसाच्या अंगात एरवी असतं तीन-चार ग्रॅम. हे लोह यकृतात, हृदयात साचतंच, पण हाडाची मजबुती राखणारी संप्रेरकं तयार करणाऱ्या ग्रंथीही निकामी करतं आणि हाड बांधणाऱ्या पेशींनाही सुखाने जगू देत नाही. लोह काढणारी औषधं असूनही आज वीस-तीस वर्षांच्या झालेल्या थॅलेसेमियाच्या अनेक रुग्णांची हाडं साठीच्या माणसासारखी असतात. रक्त कमी असलं तरी हाडाला घात, लोह जास्त झालं तरी घात.

मूत्रपिंडाचं एक वाक्यात सांगतो. मज्जेला 'पेशी बनव' असा हुकूम देणारं एरिथ्रोपॉयटिन तिथेच तयार होतं, 'ड' जीवनसत्त्वाला कामाचं रूपही तिथेच मिळतं, त्यामुळे किडनी गेली की रक्त आणि हाड एकाच दमात ढासळतात.

अंतराळात तर हे फार झपाट्याने घडतं. वजनरहित अवस्थेत हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते, हे जुनं ज्ञान. २०२२ मध्ये कॅनडाच्या गाय ट्रुडेल यांच्या गटाने सहा महिने वर राहिलेल्या १४ अंतराळवीरांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांच्या हिशेबाने पृथ्वीवर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी मोडतात, तिथे ३० लाख मोडत होत्या. परत येऊन वर्ष झालं तरी हा वेग पूर्ण खाली आला नव्हता.

पण आपण जमिनीवरची माणसं. आपल्याला सिकलसेल नाही, थॅलेसेमिया नाही, फक्त 'एचबी जरा कमी आहे'. मग हाडांचं काय?

इथे मोठे आकडे उपयोगी पडतात. अमेरिकेत पाळी गेलेल्या सुमारे १ लाख ६० हजार स्त्रियांचा काही वर्षं पाठपुरावा झाला. ज्यांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली होतं त्यांच्यात खुबा मोडण्याचं प्रमाण सुमारे ३८ टक्क्यांनी जास्त आढळलं. इटलीतल्या कियांती भागातल्या वृद्धांच्या अभ्यासातही हिमोग्लोबिन कमी तिथे हाड विरळ, असं दिसलं. मात्र यावरून रक्त कमी म्हणून हाड ठिसूळ झालं, असा थेट निकाल देता येत नाही. दोन्हीमागे तिसराच चोर असू शकतो: निकृष्ट जेवण, आतड्याचं न शोषणं, जुनाट सूज, किडनी, बी-१२ ची कमतरता. फिकट माणूस चक्कर येऊन पडतो म्हणूनही हाड मोडतं. लोहाच्या गोळ्या घेतल्याने हाड बळकट होतं, असं सांगणाऱ्या जाहिरातीवर मी विश्वास ठेवणार नाही. पण कमी हिमोग्लोबिन ही हाडाकडे बघायची सूचना आहे, एवढं मानायला हा पुरावा पुरेसा आहे.

आणि ही सूचना आपल्याकडे किती जणांना लागू आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४ टक्के रक्तक्षयाच्या रेषेखाली निघाल्या. आधीच्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा ४८ होता. म्हणजे आपण मागे गेलो. देशाचा ढोबळ हिशेब २० कोटी बायकांचा होतो. महाराष्ट्रातले पुरुषही पाचात एकाहून जास्त. यांतल्या कित्येक बायका आज तिशी-चाळिशीत आहेत. वीस वर्षांनी यांची पाळी गेलेली असेल, इस्ट्रोजेनचं संरक्षण उठलेलं असेल, पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत स्त्रीचं वीस टक्क्यांपर्यंत हाड जाऊ शकतं. जगभरात पन्नाशीपुढच्या दर तीन बायकांमागे एकीचं आणि दर पाच पुरुषांमागे एकाचं हाड ठिसूळपणामुळे मोडतं, असं आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशन सांगतं. तांबड्या पेशींचा तुटवडा असलेलं आजचं पीक उद्या या रांगेत उभं राहणार आहे, आणि आपण एकीकडे अंगणवाडीत लोहाच्या गोळ्या वाटतो, दुसरीकडे शहरात 'बोन डेन्सिटी'ची मोफत शिबिरं भरवतो. दोन खाती, दोन रजिस्टरं, एकाला दुसऱ्याची खबर नाही.

म्हणून एवढंच करा. पन्नाशी ओलांडलेल्या आईला, मावशीला, सासूबाईंना हाडांच्या तपासणीला नेलंत तर रक्ताची सीबीसी तपासणीही करून घ्या, आणि हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, पुरुषाचं १३ च्या खाली असेल, तर 'वयामुळे असेल' यावर समाधान मानू नका, कारण विचारा. साध्या टेकण्याने हाड मोडलं असेल आणि रक्तही कमी असेल तर मायलोमाची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि दोन्ही गोळ्या लिहून दिल्या असतील तर लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका घोटात घेऊ नका, कॅल्शियम लोहाला आतड्यातच अडवतं. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नका.